ड्रॅगन बोट क्लबची मेंबरशिप: पॅडलिंग मस्त शिकवतात, पण तोंडाळ टीममेटला आवरायला फार वेळ लावला

ज्या क्लबमध्ये मी ड्रॅगन बोट (लांब, अरुंद, टीमने मिळून वल्हवायची होडी) पॅडलिंग शिकले आणि अजूनही ज्यांच्या टीममध्ये आहे त्यांचा हा रिव्ह्यू. क्लबचं नाव देत नाही, कारण ज्या माणसाबद्दल यात बरंच लिहायचंय तो अजून त्याच बोटीत बसतो आणि मला कुणाला बदनाम करायचं नाहीये. पण अशा क्लबमध्ये पैसे भरताना लोक बोटी बघतात, कोच बघतात, प्रॅक्टिसच्या वेळा आपल्याला जमतायत का बघतात, आणि टीममधला एखादा माणूस इतरांशी नीट वागत नसेल तर क्लब काय करतो हे कुणी विचारतच नाही. तुम्ही सीझनभर टिकणार की मध्येच सोडून जाणार हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी चांगलं काय ते सांगते. बोटी उत्तम ठेवलेल्या आहेत, लाइफ जॅकेट सगळ्या मापांची मिळतात आणि बकल तुटलेलं जॅकेट मला कधी दिसलं नाही. पॅडल क्लबचंच वापरता येतं, स्वतःचं घ्यायची घाई करावी लागत नाही, आणि तुमच्या उंचीला कुठल्या लांबीचं बरं पडेल ते नीट उभं करून बघून देतात. कोच मॅडम तर फारच चांगल्या आहेत. ओढ दंडातून नाही तर कमरेच्या पिळातून आणि पायाच्या रेट्यातून यायला पाहिजे हे त्यांनी आधी जमिनीवर बसवून शिकवलं, मग पाण्यात नेलं. पातं पाण्यात पूर्ण बुडाल्याशिवाय ओढायला सुरुवात करायची नाही, आणि हात मांडीच्या मागे जाऊ द्यायचा नाही, त्याआधीच पॅडल बाहेर. एवढ्या दोन गोष्टी त्यांनी इतक्या चिकाटीने घोटून घेतल्या की खांदे दुखणं बंदच झालं. शिकवण्याच्या बाबतीत माझी काडीचीही तक्रार नाही.

पहिल्या दिवशी नवीन लोकांना बसवून माहिती देतात. त्यात चू युआनची गोष्ट आली, इसवी सन पूर्व २७८ च्या सुमाराला त्या चिनी कवीने मिलुओ नदीत जीव दिला आणि लोक होड्या घेऊन, ढोल बडवत त्याला शोधायला धावले, त्यातून हा खेळ आला ती दंतकथा. मग २००, ५००, १००० आणि २००० मीटरच्या रेसेस कशा असतात ते झालं, बोट उलटली तर काय करायचं तेही नीट सांगितलं. पण एकमेकांशी कसं वागायचं, कुणी त्रास दिला तर कुणाकडे जायचं, यावर कुणी चकार शब्द काढला नाही. स्टीअर करणारे काका जाता जाता एवढंच म्हणाले की बोटीत आवाज तिघांचाच, कोच, ड्रमर आणि मी, बाकीच्यांची तोंडं बंद. नियम शंभर टक्के बरोबर होता, पण तो पाळला जातोय की नाही हे बघायला कुणी नव्हतं.

ज्यांनी ही बोट जवळून बघितली नाही त्यांना सांगते. स्टँडर्ड बोटीत २० पॅडलर बसतात, दोन-दोनच्या १० रांगा, पुढे ड्रमर आमच्याकडे तोंड करून आणि मागे स्टीअर करणारा उभा. बोट १२ मीटरपेक्षा थोडी जास्त लांब, पण रुंदी इतकी कमी की शेजारच्याच्या कमरेला कंबर लागते आणि पुढे वाकलात की तुमचं डोकं पुढच्याच्या पाठीशी जातं. म्हणजे मागच्या माणसाचं तोंड तुमच्या कानाच्या अगदी मागे. दुसऱ्या खेळात एखादा खवचट माणूस असला तर मैदानात त्याच्यापासून लांब पळता तरी येतं. इथे उठून जागा बदलणं सोडा, मान वळवून बघितलं तरी तुमचा टायमिंग जातो. तो काहीही बोलला तरी निमूट ऐकत पॅडल मारत राहायचं, हे सगळ्यात वाईट.

आमच्याकडचा हा गडी जुना, ताकदीचा, प्रॅक्टिस न चुकवणारा. ते मला मान्यच आहे. मी सहाव्या रांगेत, तो बरोबर माझ्या मागे, आणि माझ्या शेजारी नुकताच आलेला एक कॉलेजचा पोरगा. पहिल्यांदा नुसतं "लेट, लेट" चालायचं, दर दोन-चार स्ट्रोकनंतर. मग "अरे झोपलास का", मग "कुणी घेतलं रे याला". पोरगा बिचारा आणखी गडबडायचा, मागे बघायचा, त्याचं पॅडल पुढच्याच्या पॅडलवर खाडकन आपटायचं आणि मग मागून पुन्हा एक टोमणा. आम्हाला शिकवलेलं असं की टायमिंग कानाने पकडायचाच नाही, नजर वर ठेवून तिरकं समोर बघायचं, पहिल्या रांगेतल्या पेसरचं पॅडल पाण्यात जाईल त्याच क्षणी आपलंही गेलं पाहिजे. कानाशी सतत कुणी ओरडत असेल तर नजर आपोआप खाली जाते. म्हणजे याच्या सूचनांनी टायमिंग सुधारत तर नव्हताच, उलट बिघडत होता.

माझ्या बाबतीत त्याने एकदा हद्द केली. स्टार्टची प्रॅक्टिस नीट झाली नाही, बोट थांबली होती, सगळे दम खात होते आणि हा मोठ्याने म्हणाला, "एकोणीस जण ओढतायत, एक बाई फिरायला येते." काही जण हसले. मला त्या हसणाऱ्यांचा राग जास्त आला, कारण त्यातल्या दोघांना मी चांगलं ओळखते आणि ते मुद्दाम तसं वागणारे नाहीत, फक्त त्याच्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ती मला टोमण्यांपेक्षा जास्त गंभीर वाटते. या खेळात वजन सांगावंच लागतं. डावी-उजवी बाजू जवळपास सारखी हवी, पुढचा आणि मागचा भार जुळायला हवा, नाहीतर बोट एका बाजूला कलते आणि स्टीअर करणाऱ्याला सरळ ठेवताना नाकी नऊ येतात. म्हणून क्लब सगळ्यांची वजनं लिहून घेतो. आमच्या क्लबने काय केलं, तर सीटिंगचा तक्ता वजनांसकट बोट ठेवायच्या शेडच्या भिंतीवर लावला! आणि हा माणूस तिथे उभा राहून नावं वाचायचा, आकडे वाचायचा, कुणावर काय बोलेल नेम नाही. याच क्लबमध्ये ब्रेस्ट कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांची वेगळी टीम आहे. १९९६ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी अशा २४ बायकांना बोटीत बसवून दाखवलं तोपर्यंत त्यांना दंडाचा जोर लागणारा व्यायाम करूच नका, हात सुजेल, असं सांगितलं जायचं. त्यांचे हात सुजले नाहीत आणि आज जगभर त्यांच्या टीम आहेत. आपल्या शरीराशी इतकं झगडून आलेली माणसं ज्या शेडमधून जॅकेट घ्यायला जातात तिथे कुणाच्या वजनावर मोठमोठ्याने शेरे चालतात हे क्लबला दिसायला हवं होतं. तक्ता लावणारा क्लब होता, त्यामुळे यात क्लबचाही तितकाच दोष आहे.

आता मी काय केलं ते सांगते, कारण असाच कुणी वाट्याला आलेल्या माणसाला ते उपयोगी पडेल. मी बोटीत उलट बोलले नाही. हे ठरवून. बोटीत भांडण म्हणजे २२ जणांची प्रॅक्टिस वाया आणि वर दोघांनाही कोचचा ओरडा. किनाऱ्यावर आल्यावर, बोट उचलून ठेवल्यावर, बाकीचे कपडे बदलायला गेले तेव्हा त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "बोटीत मला आणि त्या पोराला मागून काही सांगू नका. काही चुकतंय असं वाटलं तर इथे सांगा, नाहीतर मॅडमना सांगा." एवढंच. तुम्ही उद्धट आहात, तुमचा स्वभावच तसा, असलं काही नाही, कारण स्वभावावर गेलं की समोरचा लगेच स्वतःची बाजू मांडत बसतो आणि मूळ विषय राहतो बाजूला. तो म्हणाला, "मी टीमच्या भल्यासाठीच बोलतो." मी म्हटलं, "असेल, पण बोटीत नको." पुढे थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा सुरू.

मग मी कॅप्टनकडे गेले, आणि इथे क्लबचे मार्क कापले जातात. कॅप्टनचं उत्तर काय, तर "तो तसाच आहे गं, मनाने चांगला आहे, मनावर नको घेऊस." हे वाक्य टीममध्ये, ऑफिसात, सगळीकडे ऐकू येतं आणि मला त्याची भयंकर चीड आहे. त्याचा साधा अर्थ असा की त्याला सुधरायला सांगण्यापेक्षा तुला सहन करायला सांगणं आम्हाला सोपं जातं. कॅप्टन आणि तो जुने दोस्त, एकत्रच सुरुवात केलेली, त्यामुळे त्याच्याकडून फार अपेक्षाही नव्हती, पण कॅप्टनने ऐकलं नाही तर पुढे कुणाकडे जायचं हे क्लबमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. दरम्यान दुसऱ्या रांगेतली एक चांगली पॅडलर सोडून गेली. कारण "वेळ जमत नाही" असं कळवलं. मी तिला फोन केला तेव्हा म्हणाली की प्रॅक्टिसच्या आदल्या रात्रीपासून पोटात गोळा येतो, कशाला यायचं. अशी माणसं क्लबच्या हिशोबात येतच नाहीत, कारण जाताना कुणी भांडून जात नाही.

शेवटी हललं ते एका प्रसंगामुळे. आम्ही पाण्यात मध्यावर होतो, एक मोटरबोट बरीच जवळून वेगात गेली आणि तिच्या लाटा आडव्या यायला लागल्या. काकांनी मागून हाक दिली, "लेट इट रन, ब्रेस द बोट." म्हणजे ओढायचं थांबवा आणि पाती पाण्यावर सपाट दाबून धरा, त्यानेच बोट स्थिर राहते. नेमका त्याच क्षणी हा त्या पोरावर खेकसत होता. मधल्या रांगांना अर्धीच हाक ऐकू आली, काहींनी ब्रेस केलं, काही ओढतच राहिले, आणि बोट डावीकडे अशी कलली की काठावरून पाणी आत आलं, माझ्या मांड्या भिजल्या. उलटली नाही, कुणाला लागलं नाही, पण किनाऱ्यावर येईपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही.

मी त्याच संध्याकाळी मॅडमना मेसेज केला, आणि यावेळी भावना बाजूला ठेवून नुसतं काय घडलं तेवढंच लिहिलं: कुठल्या दिवशी, कुठली हाक चालू असताना, तो कुणाला काय बोलला, त्यामुळे काय झालं. आणखी एक मुद्दा लिहिला. बोट उलटली तर शेजारी बसलेला तो आपला बडी, वर आल्यावर पहिल्यांदा त्याला शोधायचं, तो ठीक आहे का बघायचं आणि मग नंबर मोजायचे, असं आम्हाला शिकवलंय. ज्या पोराचा रोज पाणउतारा होतो तो घाबरलेल्या मनाने माझा बडी म्हणून बसलाय, त्यामुळे हा मानापमानाचा नाही, सेफ्टीचा विषय आहे. मला वाटतं या मुद्द्याने काम केलं. कुणी वाईट बोलतं म्हटलं की लोक कानाडोळा करतात, कुणामुळे कमांड ऐकू आली नाही म्हटलं की सगळे ताठ बसतात. असं असायला नको, पण तक्रार करायची असेल तर हे माहीत असलेलं बरं.

मॅडमनी पुढे जे केलं त्यासाठी मात्र पूर्ण मार्क. त्यांनी आधी मला विचारलं की तुला सीट बदलून हवी का. मी नाही म्हटलं, त्रास देणारा तो असताना मी का उठू, आणि त्यांना ते लगेच पटलं. त्याला त्यांनी दहाव्या रांगेत नेलं, काकांच्या अगदी पायाशी. शिक्षा म्हणून नाही, मागच्या रांगांना ताकदीचे लोक लागतातच, आणि तिथून ओरडायचं तर काकांच्या समोरच ओरडावं लागतं. मग त्यांनी आपल्या मोटरबोटीतून बाजूने सगळ्यांचा व्हिडिओ काढला आणि शेडमध्ये हळू करून दाखवला. त्यात दिसलं की तो पोरगा बऱ्यापैकी वेळेवर होता. लवकर जात होता तो मागचा माणूस, आणि तो लवकर असल्यामुळे त्याला पुढचे सगळे लेट वाटायचे. मॅडमनी कारणही सांगितलं: पुढच्यांनी ओढलेलं पाणी मागच्या सीटपर्यंत येतं तेव्हा ते आधीच मागे वाहत असतं, त्यामुळे मागे पातं हलकं लागतं, ओढ पटकन संपते आणि माणूस नकळत घाई करतो. त्यांनी हे त्याचं नाव न घेता, सगळ्या मागच्या रांगांसाठी म्हणून सांगितलं. कुणी हसलं नाही, आणि माझ्या मते त्यामुळेच त्याने ते ऐकून घेतलं. चारचौघांत त्याचाच पाणउतारा केला असता तर तो चिडून बसला असता किंवा दुसऱ्या क्लबमध्ये जाऊन तिथे तेच करत राहिला असता.

त्यानंतर प्रत्येक प्रॅक्टिसला बोट सुटायच्या आधी काका एक वाक्य बोलायला लागले, "हाक माझी, बाकी चूप." कुणी बोललं की "लेट इट रन", बोट थांबवायची, शांत व्हायचं, मग पुन्हा सुरू. पहिल्या काही वेळा वैताग आला कारण लय तुटायची, पण दोन आठवड्यांत बोटीत इतकी शांतता आली की पाती एकदम पाण्यात जातानाचा आवाज ऐकू यायला लागला. ५०० मीटरच्या रेसला ती शांतता किती उपयोगी पडली सांगते. स्टार्टचे लांब, खोल स्ट्रोक, मग रेट वाढवायचा, मग लांब पल्ल्याच्या लयीत यायचं, हे सगळे बदल ड्रमरच्या एका हाकेवर होतात आणि ती हाक ऐकायला एका सेकंदाचाही उशीर झाला तर बोट अडखळते, आपल्याला बुडाखाली जाणवतं. यावेळी एकदाही अडखळली नाही. जिंकलो नाही, फायनलला पोचलो, आणि तो पोरगा उतरल्यावर माझ्या हातावर टाळी देऊन इतका खुश होता की बास.

वजनांचा तक्ताही भिंतीवरून काढला. आता आकडे फक्त मॅडम आणि काकांकडे असतात, भिंतीवर नुसती नावं आणि सीट नंबर. इतकं साधं होतं ते, आधीच करता आलं असतं.

माणूस बदलला का? थोडा. माझी त्याने माफी मागितलेली नाही आणि मी त्यासाठी अडून बसलेले नाही. त्या पोराला मात्र एकदा स्वतःहून जमिनीवर बसवून पॅडलची पकड दाखवत होता, आवाज न चढवता, ते मी लांबून बघितलं. आमचं बोलणं कामापुरतं. बोट उचलताना "तयार?" "तयार", एवढं पुरतं, टीममध्ये सगळ्यांशी मैत्री झालीच पाहिजे असं काही नाही. पण अजूनही कधी कधी शेडमध्ये त्याची जीभ सुटते, आणि आता दुसरे लोक त्याला तिथल्या तिथे "ए, बस" म्हणतात, पूर्वी हसायचे तेच.

तुम्ही कुठल्याही ड्रॅगन बोट क्लबमध्ये जाणार असाल तर ट्रायलच्या दिवशी कोचचं शिकवणं बघाच, पण बोट चालू असताना कोण कोण बोलतंय ते कान देऊन ऐका. मागच्या-पुढच्या रांगांतून सूचना येत असतील आणि स्टीअर करणारा गप्प असेल तर समजा. वजनं कुठे लिहून ठेवतात ते विचारा. कॅप्टनशी पटलं नाही तर कुणाशी बोलायचं ते नावानिशी विचारा, आणि समोरचा गडबडला तर तेही लक्षात ठेवा. आधीच एखाद्या टीममध्ये असाल आणि असा कुणी मागे बसत असेल तर मूग गिळून बसू नका, सीझन संपेपर्यंत तर अजिबात थांबू नका. आधी त्याला एकट्याला, मग लेखी कोचला, आणि प्रत्येक वेळी घडलेली गोष्ट सांगा, माणसाचं वर्णन नको.

रेटिंग: कोचिंगला पाचपैकी पाच, बोटी आणि सामानाला पाच, स्टीअरच्या काकांना पाच, कॅप्टनला दोन, तक्रार ऐकायच्या पद्धतीला तीन कारण शेवटी नीट झालं पण एक चांगली पॅडलर गमावल्यावर. एकूण चार देते. पुढच्या सीझनची मेंबरशिप मी भरलीये, सहावी रांग, डावी बाजू, तीच सीट. वागणुकीचे नियम लेखी करून नवीन लोकांना पहिल्याच दिवशी द्यावेत असं क्लबला मेलवर कळवलंय, अजून उत्तर नाही. आलं की इथेच लिहीन.